शैलाताईंचा भांग

दादांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "मंजू, शैला गेली गं," एवढंच बोलून ते थांबले. मागे हॉस्पिटलातल्या ट्रॉलीची चाकं वाजत होती. मला काही सुचायच्या आत ते हलक्या आवाजात म्हणाले, "आम्ही घरीच आणतोय तिला. तू तेवढं… तिचं ते काढून ठेव. माणसं यायच्या आत." मी गॅस बंद केला आणि जिना उतरून खाली त्यांच्या खोलीत गेले. कपाटात शालींच्या मागे मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं 'ते' होतं. घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. केस म्हणायचं नाही, टोप तर नाहीच नाही.

शैलाताई माझी मोठी जाऊ. बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या घरात खाली दादा आणि त्या, वर आम्ही दोघं. दादा कोयलीला रिफायनरीत, माझे यजमान मकरपुऱ्याला कारखान्यात. ताई मूळच्या सावली गावच्या. तिथे त्यांचे वडील शाळामास्तर होते. लग्नात त्यांची वेणी कमरेखाली जायची म्हणे. मुलगी, निशा, झाली त्या बाळंतपणानंतर डोक्यावर चाई पडली, आधी रुपयाएवढी, मग हाताच्या पंजाएवढी, आणि वर्षाच्या आत डोकं पार मोकळं झालं. बडोद्यातले डॉक्टर झाले, अहमदाबादचे झाले, कांद्याचा रस झाला. शेवटी सासूबाईंनी मुंबईहून 'ते' मागवलं आणि बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये. आणि माझ्या मुलासमोर कधी काढायचं नाही. पुरुषाचं मन उडतं." ताई तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या.

मी लग्न होऊन आले त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "मंजू, आत ये. कडी लाव." मी कडी लावली आणि वळले तर ताई 'ते' काढून आरशासमोर बसलेल्या. त्याच म्हणाल्या, "घाबरू नकोस. आईंचे हात आता थरथरतात, मागची बाजू वाकडी बसते. तू बसवशील?" तेव्हापासून ते काम माझं झालं.

सुरुवातीला नाटकवाल्यांचा गोंद होता, त्याने कातडी सोलून निघायची. पुढे दोन्हीकडून चिकटणारी टेप आली. आधी टाळू आणि कडा स्पिरिटने पुसायच्या, पूर्ण सुकू द्यायच्या. आमच्या वैशाखात हेच सर्वांत कठीण, कारण पुसेपर्यंत पुन्हा घाम. मग टेपचे लहान लहान तुकडे कडेने लावायचे, वरचा कागद सोलायचा, ताईंनी पुढची कड कपाळाशी धरायची, मी मागची हळूहळू खाली सोडायची. मध्य आधी धरावा लागे. तो जरासा चुकला की भांग कलायचा आणि सगळा चेहराच तिरका दिसायचा, आणि एकदा टेकलेली टेप उचलायची म्हणजे कातडी ओढली जायची. ताईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडातून आवाज नाही. बाहेर आवाज गेला असता ना… हे सगळं दादा ड्युटीवर गेले की चालायचं. रात्री त्या डोक्याला रुमाल बांधून झोपत, अर्धशिशीचा त्रास आहे असं सांगून. दादांना ठाऊक होतं, नव्हतं असं नाही. पण त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि ताईंनी कधी काढू दिला नाही.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं गच्चीवर असतं. ताई खाली उंधियू ढवळत बसायच्या. एका वर्षी शेजारच्या रमीलाबेन "शैलाबेन, उपर आवो ने!" म्हणत त्यांना हाताला धरून वर घेऊन गेल्या. वारा असा की पतंग सोडायचा अवकाश, वर जायचा. ताई दोन्ही हात डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, ऊन लागतंय असं दाखवत. कोणी तिळाची चिक्की पुढे केली तर हात मोकळा नाही. "अरे, लो ने बेन!" सगळे हसले, ताईही हसल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "मंजू, खिडकीतून दिसतात तेवढे पतंग मला पुरे." नवरात्रात त्यांचे पाय दुखायचे. अक्षरशः दरवर्षी त्याच नऊ रात्री. गरब्याची त्यांना किती आवड होती हे मला माहीत होतं, कारण लांबून ढोल ऐकू आला की भाजी चिरताना त्यांच्या टाचा हलत.

"निशाचं लग्न होऊ दे," त्या म्हणायच्या, "मग मी हे फेकून देणार." आईला असं काही आहे हे कळलं तर मुलीला स्थळ कोण देईल, ही भीती. निशाचं लग्न झालं. मग सासरच्यांना काय वाटेल, म्हणून राहिलं. सासूबाई गेल्या, तरी राहिलं. दादा निवृत्त झाले आणि ताईंचा उरलासुरला मोकळा वेळही गेला. "आता हे दिवसभर घरीच असतात गं," त्या म्हणाल्या. दादा भाजीला गेले की आम्ही घाईघाईने कडी लावायचो. एकदा मी म्हटलंच, "ताई, दादांना काय वाटणार आहे आता? काढून टाका की." त्या आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. "यांना नाही आवडणार," म्हणाल्या. "नाहीतर एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हणाले असते."

गेल्या वर्षी निशा अहमदाबादहून एकटीच आली, डोक्याला ओढणी बांधून. कानामागे चाई पडली होती. "आई, मलाच का गं हे?" म्हणून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. ताई उठल्या, कडी लावली, आणि पोटच्या मुलीसमोर पहिल्यांदा टेपच्या कडा सोडवू लागल्या. निशाचं रडणं थांबलं. मग ती अशी चिडली की मला तिला आवरावं लागलं. "मी एवढी मोठी झाले आणि तू मला सांगितलं नाहीस?" ताई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच नाही सांगितलं."

चाई वाढत गेली. दोन महिन्यांनी निशा नवीन 'ते' घेऊनच आली. "मला बसवायला शिकव." ताईंनी साफ नकार दिला. "मी शिकवणार नाही. तू उघड्या डोक्याने फीर, लोकांना बोलू दे."

"तू फिरलीस?" निशाने विचारलं.

दुपारी दोघी खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा निशा सुंदर दिसत होती, आणि ताईंचा चेहरा उतरलेला होता. स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, "मंजू, आज मी माझ्या मुलीला कडी लावायला शिकवलं."

पुढे सारं भराभर झालं. सकाळी अंगणात पडल्या, मेंदूत रक्तस्राव. मेंदूचा फोटो काढण्याआधी नर्सने दादांच्या देखत 'ते' सोडवलं, मी ते घरी आणून फडक्यात गुंडाळून ठेवलं. शुद्ध पुन्हा आलीच नाही.

घरी आणल्यावर मी आणि निशा खोलीत होतो. बाहेर बायका जमलेल्या. मी टेप हातात घेतली तशी निशा म्हणाली, "काकू, नको ना. आता तरी नको. पदर घेऊ डोक्यावरून."

"त्यांना काय हवं असेल गं?"

"तिला कोणी कधी विचारलं?" निशा म्हणाली. मग बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, आणि निशानेच स्पिरिटचा बोळा उचलला. पुढची कड तिने धरली, मागची मी. या खेपेला घाम नव्हता. बाहेर आणल्यावर रमीलाबेन रडत रडत म्हणाल्या, "जुओ तो, बघा ना, या वयात पण एक केस सफेद नाही." निशाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेराव्यानंतर निशा गेली, घर शांत झालं. परवा संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले, तर दादा मागच्या ओट्यावर बसले होते. कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "मला वाटायचं, मी विषय काढला तर तिला लाज वाटेल. म्हणून कधी काढला नाही."

मला आरशातून माझ्याकडे बघणाऱ्या ताई आठवल्या.

"हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा पाहिलं मी तिचं डोकं," दादा म्हणाले. "इतकं लहान होतं गं… लहान मुलीसारखं. आणि बरोबर टाळूवर एक तीळ होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होता?"

"हो," मी म्हटलं. "त्या तिळावरूनच आम्ही भांगाचा मध्य धरायचो."

दादांनी कप खाली ठेवला. "दाखव बरं, नेमका कुठे," म्हणाले आणि माझ्यासमोर मान खाली घातली. मी त्यांच्या पांढऱ्या केसांत बोट टेकवलं. दादा कितीतरी वेळ तसेच, मान न उचलता बसून राहिले.