आपांचा तो फोटो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ मनातलं सगळं ओकते त्या मैत्रिणीजवळही नाही. एकदा बोलायला गेले होते, पण ऐन वेळी मी लेन्सला लागलेल्या बुरशीचं काहीतरी सांगून विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय की काय कोण जाणे.

मी नांदेडला फोटो काढते. दुकान नाही, स्टुडिओ नाही. एक स्कूटी, दोन कॅमेरे आणि पाठीवरची बॅग. डोहाळजेवणं, बारशी, विष्णुपुरीच्या कॉलेजांतल्या पोरापोरींचे निरोप समारंभ, साड्यांच्या दुकानांचे फोटो, मिळेल ते. पण माझं नाव झालं ते जनान्यातल्या कामामुळं. मुसलमान घरांत मेहंदी, हळद हे बायकांचे कार्यक्रम. तिथं पुरुष फोटोग्राफर चालत नाही, आणि कॅमेरा धरणारी बाई तेव्हा गावात शोधून सापडत नव्हती.

ते दार माझ्यासाठी उघडलं नसरीन आपांनी. आपा इतवारा मोहल्ल्यात भावाच्या घरी राहायच्या. नवरा लवकर गेला होता. वरच्या मजल्यावर त्या पोरींना शिवण शिकवायच्या. पंधरा-वीस पोरी, सगळ्या मोहल्ल्यातल्या. मी एकदा ब्लाऊज शिवायला गेले, कॅमेऱ्याची बॅग पाठीवर होती, आणि बोलता बोलता आपा म्हणाल्या, "अगं, मग आमच्या लग्नांत का येत नाहीस?" पहिल्या लग्नात त्यांनीच मला हाताला धरून आत नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही सुजाता. आपल्या घरची लेक समजा. हिच्यापुढं मोकळ्यानं बसा."

आणि बायका खरंच मोकळ्या बसायच्या. बुरखे खुंटीला, ओढण्या कुठल्या कुठं, ढोलक सुरू. मी तिथं असूनही नसल्यासारखी. अट एकच होती. फोटो अल्बमपुरते. अल्बम झाला की सगळं पुसायचं, कुणाच्या फोनवर जाता कामा नये. आपांच्या हातात हात देऊन मी हो म्हणाले होते. अल्बम तर कुणीतरी बांधायलाच हवा; ते काम लातूरच्या एका लॅबमधला दिलीप करायचा. मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा, अबोल माणूस. आपांनी त्याच्याशी स्वतः फोनवर बोलून घेतलं होतं. काम झालं की तो फाईली पुसायचा आणि मला कळवायचा, "मॅडम, साफ केलं." एकदाही चुकला नाही.

आता माझ्याबद्दल.

मला त्या काळात एक नाद लागला होता. हसणाऱ्या बायकांचे फोटो. भाजी बाजारातली मावशी, बस स्टँडवरची शेंगदाणेवाली, घाटावर कपडे धुणाऱ्या बायका. विचारून काढायचे, हसवायचे आणि इन्स्टाग्रामवर एका पेजवर टाकायचे. पेजवर माझं नाव नव्हतं. का नव्हतं? पोटापाण्याच्या कामात ते मिसळायला नको, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे नाव नसलं की माणूस थोडा सैल होतो. हळूहळू लोक पेज बघायला लागले. अनोळखी माणसं लिहायची की वा, काय फोटो आहे. लग्नाच्या अल्बमला असं कोण म्हणतं?

आणि मग आपांच्या धाकट्या बहिणीची हळद आली.

त्या दुपारी बायकांनी आपांना पकडून हळदीनं माखलं. केस सुटले, मान मागं गेली, डोळे मिटले, आणि आपा अशा हसल्या — मी सात वर्षं त्यांना ओळखत होते, तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. असा फोटो आयुष्यात एखादाच सापडतो, हे मला तिथंच कळलं.

तो मी अल्बमच्या फाईलींत घातलाच नाही. मुद्दाम. वेगळा काढून ठेवला. महिनाभर रोज उघडून बघायचे. कुणाला दाखवायचं नाही, हेच पक्कं होतं. मग एका दुपारी, जेवण करून नुसती बसले असताना, तो पेजवर टाकला. त्या पेजवर मोहल्ल्यातलं कोण येतंय, असं वाटलं. वाटलं म्हणजे — वाटून घेतलं.

तीन दिवसांत तो फोटो इतवाऱ्यातल्या फोनाफोनांवर पोचला होता.

मला कळलं ते आपांच्या भावाच्या फोनवरून. अख्तरभाई वखारीचा धंदा करायचे, आवाज कधी न चढवणारा माणूस. "बेटी, जरा घर कू आना. बात करनी है," एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला आणि सगळ्यात आधी काय केलं माहीत आहे? पेज बंद केलं. लॅपटॉपवरून तो फोटो पुसला. त्यानंतर स्कूटी काढली.

देगलूर नाक्यावर सिग्नलला थांबले तेव्हा शेजारच्या ऑटोतली माणसं माझ्याकडंच बघताहेत असं वाटलं. हिंदू पोरीनं मुसलमान बायकांचे फोटो बाहेर फोडले — हे वाक्य कुणी माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं, पण माझ्या कानात ते मोठ्यानं वाजत होतं. आपल्याकडं फोटोवरून काय काय पेटतं, ते तुम्हाला सांगायला नको. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला बजावत आले की मी गप्प राहिले ते दंगलीच्या भीतीनं. पण तुमच्याशी खोटं बोलून काय करू? मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती आपांच्या चेहऱ्याची. माझं कळल्यावर तो बदलेल, त्याची.

घरात अख्तरभाई होते, आपा होत्या. आपा भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. अख्तरभाईंनी फक्त विचारलं, हळदीचे फोटो कुणाकुणाकडं होते?

मी म्हणाले, "माझ्याकडं. आणि लातूरच्या लॅबमध्ये."

या वाक्यात खोटं काय आहे? काहीच नाही. तिथूनच सुरुवात झाली.

आपा वळल्या. डोळे सुजले होते. "भाईजान, हिला काही विचारू नका. ही असं करणार नाही. माझी जबान आहे." मी मान खाली घातली. तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लातूरला निघालो. गाडीत अख्तरभाई पुढं, मी आणि आपा मागं. तीन तासांचा रस्ता. आपांनी बुरख्याच्या आतून माझा हात धरून ठेवला होता. मी घाबरले आहे हे त्यांना कळत होतं, कशाला ते कळत नव्हतं. लोह्याला चहाला थांबलो. मी मनात एकच जप करत होते — दिलीप आज कामावर नसू दे. आजारी असू दे. गावाकडं गेलेला असू दे. अहमदपूर मागं पडलं, चाकूर गेलं. प्रत्येक गावाला वाटायचं, इथं सांगू. गाडी थांबवा म्हणू. तोंड उघडलं की नुसता वारा आत जायचा.

दिलीप कामावर होता.

लॅबच्या मालकानं त्याला बाहेर बोलावलं. काय झालं ते ऐकून तो आधी गोंधळला, मग लगबगीनं कॉम्प्युटरपाशी गेला. आमचा अल्बम अजून छापायचा बाकी होता, म्हणून फाईली तशाच होत्या. त्यानं एकेक नंबर बोटानं दाखवला. "हे बघा साहेब, ही फाईल हाय, त्याच्या फुडची हाय. मधला हा नंबर आलाच न्हाई माझ्याकडं. मॅडमनी निवडून पाठिवल्यात." मग तो माझ्याकडं वळला. अगदी सहज. "मॅडम, तुमी सांगा की. तो फोटो मला दिल्ताच न्हाई तुमी."

त्याला वाटत होतं मी सांगणार. त्याच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

अख्तरभाईंना नंबरांतलं काही कळत नव्हतं. मालकाला भांडण मिटवायचं होतं. आपा माझ्याकडं बघत होत्या. अख्तरभाई म्हणाले, "बेटी, तू बोल."

टेबलाची कडा धरून मी उभी होते. आणि मी म्हणाले, "मी सगळे फोटो दिल्ते."

बस्स. माझा आवाज कापला, आणि त्या कापऱ्या आवाजामुळंच सगळ्यांचा विश्वास बसला.

मालकानं सगळ्यांदेखत दिलीपच्या थोबाडीत मारली. आजपासून येऊ नको म्हणाला. अख्तरभाई मध्ये पडले, "मारो नको, मारो नको," म्हणत त्यांनी मालकाचा हात धरला. दिलीप रडला नाही, ओरडला नाही. माझ्याकडं बघत राहिला. रागानं असतं तर बरं झालं असतं. आपण ऐकलं ते खरंच हिनंच म्हटलं का, असं बघत होता. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल उचलला, डबा घेतला आणि जिना उतरून गेला.

परतताना आपा म्हणाल्या, "गरीब दिसत होता गं. असं का केलं असेल त्यानं?"

पुढं जे व्हायचं ते झालं. आपांच्या क्लासातल्या पोरी गळत गेल्या. नव्या व्याह्यांच्या घरातून बोलणं आलं की विधवा बाईला असं हसणं शोभतं का. दोन-तीन महिन्यांत क्लास बंदच झाला. आपा घरातल्या घरात कपडे शिवून देऊ लागल्या. त्यानंतर कुठल्याही लग्नात मी कॅमेरा उचलला की आपा उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला मात्र कामं मिळत राहिली. आपा स्वतः सांगायच्या, सुजाताला बोलवा, भरवशाची आहे. मी गेले. सगळ्या लग्नांना गेले.

सहा वर्षं अशी काढली. फोन वाजला की वाटायचं — दिलीपनं सांगितलं असेल. अजूनही वाटतं. लातूरचं एकही काम मी त्यानंतर घेतलं नाही. लॅब बदलली. त्या पेजवरचा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये अजून असेल, एखाद्या दिवशी एखादा हुशार पोरगा शोधून काढेल पेज कुणाचं होतं ते, असं वाटत राहतं.

गेल्या वर्षी आपा मक्केला, उमऱ्याला निघाल्या. जाण्याआधी सगळ्यांकडून कहा-सुना माफ करून घ्यायचं असतं, म्हणून मला बोलावलं. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." मग त्या म्हणाल्या, "तो लातूरचा दिलीप. त्याच्याबद्दल इतकी वर्षं मनात राग ठेवला. तो घेऊन तिथं कशी जाऊ? मी त्याला माफ केलं. तुझी त्याची ओळख होती ना, त्याला कळव. माझ्या निघण्याआधी कळव."

हीच वेळ होती. यापेक्षा मोकळी वेळ देवानं कुणाला दिली नसेल. मी म्हणाले, "कळवते."

आणि मी मुरुडला गेले. निघताना ठरवलं होतं की त्याच्या पाया पडायचं, आणि त्याला घेऊन आपांकडं जायचं. खरंच ठरवलं होतं. बाजारात विचारत विचारत पोचले. तो चुलत्याच्या पिठाच्या गिरणीवर होता. भुवयांवर, केसांवर पीठ. मला आधी म्हाताराच वाटला. त्यानं मला लगेच ओळखलं. गिरणी बंद केली. एकदम सगळं शांत झालं आणि मला इतकी भीती वाटली की पळून जावंसं वाटलं. हा आता ओरडेल, बाजार गोळा होईल. तो ओरडला नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला.

मी म्हणाले, "आपा उमऱ्याला निघाल्यात. त्यांनी तुम्हाला माफ केलंय."

माझ्या तोंडातून हेच निघालं.

तो थांबला. हाताचं पीठ झटकत उभा राहिला. तो वाट बघत होता, ते मला स्वच्छ दिसत होतं. मग त्यानं विचारलं, "येवढंच सांगायला आल्ता का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं गिरणी पुन्हा सुरू केली.

घरी येऊन आपांना फोन केला. त्याला निरोप पोचला, असं सांगितलं. फोनवर आपा रडल्या. आता हलकं वाटतं म्हणाल्या.

त्या परत आल्यावर भेटायला गेले. त्यांनी खजुराची पिशवी आणि झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, काबा समोर दिसल्यावर तुझं नाव घेऊन दुआ मागितली. मी पिशवी घेतली. तिथंच बसून, त्यांच्यासमोर, एक खजूर खाल्ला.