वर्सोव्याच्या खाडीत आमचा संसार

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगचे सगळे पाइप बदलायचं ठरलं, तेव्हा सोसायटीने हिवाळाभर घरं रिकामी करून मागितली. फरशा उखडणार, बाथरूम फोडणार, पाणी बंद. माझ्या नणंदेचं मुलुंडला मोठं घर आहे. तिने लगेच फोन केला, "माझ्याकडे या. मागची खोली पडूनच आहे." मी बॅगा काढायला घेतल्या. नवरा म्हणाला, "ताईकडे नको."

का नको ते त्याने सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. हा रिटायर झालेला माणूस, केस पिकलेले, आणि त्याची ताई अजून त्याला जेवताना "सावकाश चाव" म्हणते.

त्याच आठवड्यात तो उपाय घेऊन आला. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे तिथले मित्र दोघांचे. त्यातल्या एकाने रिटायर झाल्यावर मासेमारीची जुनी बोट घेतली होती आणि तिच्यावर केबिन बांधून घेतली होती. आता त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

"बोट वर्सोव्याच्या खाडीत उभी आहे," नवरा म्हणाला. "त्याला कुणीतरी राहायला हवंच आहे. तळात पाणी साठतं, ते रोज पंप लावून काढायचं. बाकी काही काम नाही."

"म्हणजे आपण बोटीवर राहायचं?"

"अगं, सगळं आहे तिथे. झोपायला बाकडी आहेत, गॅस आहे, संडास आहे."

"मुलुंडलाही संडास आहे."

त्यावर त्याने ठेवणीतलं वाक्य काढलं. "माझ्या रक्तात समुद्र आहे."

हे वाक्य मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे. त्याचे आजोबा म्हणे देवगडकडे तांडेल होते, स्वतःची बोट, हाताखाली खलाशी. हा स्वतः पोहायला शिकला तो अंधेरीच्या तरणतलावात, आणि तिथेही जिकडे पाय टेकतात तिकडेच रमतो. मी घाटकोपरची. आमच्या माहेरी कुणाच्या रक्तात काही असल्याचं ऐकिवात नाही. तरी मी हो म्हणाले. एक तर तो इतक्या आशेने बघत होता, आणि दुसरं म्हणजे हा तमाशा पुढच्या रांगेत बसून बघायला मिळणार होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही रिक्षातून जेट्टीवर उतरलो. दोन बॅगा, कुकर, मिसळणाचा डबा आणि नवऱ्याची नवी पांढरी टोपी. बोट जेट्टीपासून जरा आत, नांगरावर होती. तिच्याकडे जायला एक लहान होडी होती. ती वल्हवायला नवरा बसला आणि आम्ही बराच वेळ जेट्टीच्या समोर गोल फिरलो. शेवटी मी म्हणाले, "रक्ताला सांग, उजवीकडे घे."

बोट मात्र मला आवडली, हे मी तेव्हा त्याला कळू दिलं नाही. केबिनच्या दोन्ही बाजूंना बाकडी, मध्ये हातभर जागा. बसल्या बसल्या गॅस, पाण्याचा कॅन आणि खिडकी, तिन्हीकडे हात पोचायचा. खिडकीतून एका बाजूला वर्सोव्याचा कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला मढचा किनारा. डिसेंबरची सकाळ असूनही स्वेटर लागत नव्हता, फक्त साडीचा पदर अंगभर घ्यायचा.

नवऱ्याने फोनवर व्हिडिओ बघून बराच अभ्यास केला होता. मी "स्वयंपाकघर" म्हटलं की तो म्हणायचा, "गॅली म्हण." दोरी म्हटलं की "दोर." मी त्याच दोरावर आमचे टॉवेल वाळत घातले, तेव्हा मात्र त्याला शब्द सुचला नाही.

पहिल्याच दिवशी मढची फेरीबोट आमच्या जवळून गेली. तिच्या लाटेने बोट जरा डुलली, पाळणा डुलावा इतकीच. मी पोहे ढवळत होते. मागे वळून बघते तर नवरा कठड्याला ओणवा.

"काय रे, लागली का बोट?"

"छे. कालची भुर्जी बाधली."

फेरी दिवसभर ये-जा करते. त्याला दिवसभर भुर्जी बाधत राहिली. दुसऱ्या दिवशी भुर्जी नव्हती, तर चहा बाधला. तिसऱ्या दिवसापासून तो खिशात आलेपाक ठेवायला लागला, घशासाठी म्हणून. मला काही झालं नाही. आयुष्यभर घाटकोपर ते अंधेरी बसने उभ्याने गेलेल्या बाईला खाडी काय करणार?

बाहेरून जेवण मागवायचा प्रयत्न आम्ही एकदाच केला. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला, "मॅडम, लोकेशन पानी में दिखा रहा है."

"बरोबर आहे. आम्ही पाण्यातच आहोत."

"फ्लोअर कौनसा?"

नवरा होडी घेऊन निघाला. तोवर त्याला सरळ वल्हवता यायला लागलं होतं. परत आला तेव्हा बिर्याणी गार झाली होती, पण डिलिव्हरीवाल्याने त्याच्याबरोबर सेल्फी काढला होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

मासळी मी जेट्टीवरच घ्यायचे. तिथे एक कोळीण बसायची, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याची बोट आमच्या शेजारीच नांगरलेली असायची. ती मला वाट्यावर एक-दोन बोंबील जास्तीचे टाकायची. तिचा नवरा येता-जाता आमचा दोर तपासायचा. कुणी पाण्याचे कॅन उचलून होडीत ठेवायचं, कुणी सुकट द्यायचं. नवरा म्हणाला, "बघ, खलाशी खलाशाला ओळखतो."

मग एक दिवस कोळणीने मला जवळ बसवून घेतलं. "बाय, एक विचारू? पोरांनी घालवलं काय गो तुम्हाला?"

मी काय सांगत होते ते तिला खरंच वाटेना. घर आहे, पाइप बदलतायत, नवऱ्याला हौस आहे. ती मान हलवत राहिली. आईबाप पोरांना असंच झाकतात, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला कळलं की अख्खा कोळीवाडा आम्हाला टाकून दिलेलं म्हातारं जोडपं समजत होता. मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पांढरी टोपी काढून हातात धरून बसला.

आमची एकच मुलगी, बंगळूरला असते. ती रविवारी व्हिडिओ कॉल करते. त्या रविवारी आम्ही दोघं जेट्टीवर होतो आणि कोळीण बाजूलाच पापलेट साफ करत होती. स्क्रीनवर मुलीचा चेहरा दिसल्याबरोबर कोळणीने कोयता बाजूला ठेवला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरी, तू शिकलेली ना? आईबापाला असं पाण्यावर टाकतात काय?"

"अं? मावशी, तुम्ही कोण?"

"मी कोण ते जाऊ दे. तुझा बाप रोज ओकतो. बघवत नाय आम्हाला."

नवरा फोनकडे हात करत होता, पण कोळणीच्या हाताला मासळीचं पाणी होतं आणि आवेश होता, त्यामुळे तो मागे सरला. मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मी बाबांना बंगळूरला बोलावलं होतं. आत्याने मुलुंडला बोलावलं होतं. ते कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही सांगून बघा, तुमचा आवाज बरा आहे."

कोळणीने फोन मला परत दिला आणि नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हणजे तुम्ही आपणहून आलात?"

"हो," नवरा म्हणाला.

"घर असून?"

"हो."

त्या दिवसानंतर जास्तीचे बोंबील बंद झाले. पण ती माझ्याशी मोकळी बोलायला लागली. नवऱ्यांचा विषय निघाला की आमचं बरंच जमायचं.

जानेवारीत नणंद भेटायला आली. नवऱ्याने रविवार बघून बोलावलं, पौर्णिमा बघितली नाही. ती दुपारी आली तेव्हा खाडी तुडुंब भरलेली. होडीतून ती अगदी राणीसारखी बसून आली, मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. जेवण झालं, गप्पा झाल्या, चहा झाला. ती म्हणाली, "चला, निघते आता," आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की बाकड्यावरची बशी आपणहून सरकते आहे.

पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच उतरतं. आमची बोट चिखलात बसून एका कुशीवर कलली होती. होडी लांब चिखलात रुतलेली. आजूबाजूला काळा चिखल, खेकडे आणि ओहोटीला येतो तो वास, त्याचं वर्णन मी करत नाही.

"आता?" नणंदेने विचारलं.

"आता भरती येईपर्यंत थांबायचं," नवरा म्हणाला. "समुद्रावर असं चालायचंच, ताई."

"हा समुद्र आहे?"

आम्ही तिघं वरच्या बाजूच्या बाकड्यावर पाय घट्ट रोवून बसलो. नणंदेने पर्स गळ्यात अडकवली. वड्या उताराला लागू नयेत म्हणून मी डबा मांडीत धरला. नवरा घाबरल्यासारखा भराभर वड्या खात होता. "सावकाश चाव," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

वेळ घालवायला मी म्हणाले, "ताई, तुम्हाला तर सवय असेल. तुमचे आजोबा तांडेल होते ना."

"कोण? आमचे आजोबा?" ती भावाकडे वळली. "कुणी सांगितलं रे? अरे, ते गिरणीत होते. त्याआधी गावात कुणाची तरी नारळाची बाग राखायचे. पाण्याला इतके घाबरायचे की गावी जाताना बोटीचं तिकीट स्वस्त असून एसटीने जायचे."

"मग ती बोट?"

"कुठली बोट? भिंतीवर चित्र होतं बोटीचं. कॅलेंडरचं."

नवऱ्याने हातातली वडी डब्यात परत ठेवली. पाणी चढून बोट सरळ व्हायला रात्र झाली. तोवर नणंद बाकड्यावर आडवी होऊन गाढ झोपली होती. कोळणीचा नवरा तिला आपल्या होडीतून सोडायला आला, तेव्हा ती म्हणाली, "छान झोप लागली गं. मुलुंडला अशी लागत नाही."

नंतरचे काही दिवस नवरा गप्प होता. पंप लावायचा, कॅन आणायचा, टोपी खुंटीवरच. गॅली म्हण, दोर म्हण, सगळं बंद. मीच एकदा म्हणाले, "गॅलीत चहा झालाय," तर तो नुसता आला आणि प्यायला. चेष्टा करायला समोरचा माणूस ताठ उभा असावा लागतो. हा असा मवाळ झालेला मला बघवेना.

"अरे, आजोबा नसतील तांडेल," मी म्हणाले. "म्हणून काय झालं? कुणातरी एकाने सुरुवात करावीच लागते ना."

"या वयात?"

"आजोबांपेक्षा तू पुढेच आहेस. ते पाण्यात उतरलेही नाहीत. तू रोज ओकतोस, पण राहतोस ना इथे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करते आहे की काय ते तपासायला. मी करत होते, पण खरंही बोलत होते. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर ते वेगळं काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कोळणीच्या नवऱ्याकडे गेला आणि बोट चालवायला शिकवा म्हणाला. ऑपरेशन झालेल्या मित्रानेही फोनवर परवानगी दिली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी इंजिन सुरू झालं, नांगर वर आला आणि आम्ही खाडीच्या तोंडाकडे निघालो. चाकावर माझा नवरा, शेजारी कोळणीचा नवरा, मागे मी आणि कोळीण भजी घेऊन.

खाडीच्या बाहेर पडल्यावर पाण्याचा रंग बदलला आणि बोट खरोखरची हलायला लागली. मढचा किनारा मागे राहिला. नवऱ्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं. त्याने चाक सोडायला हात उचलला, तेवढ्यात कोळणीचा नवरा म्हणाला, "चाक धरून ठेवा. ओकायला हात लागत नाय."

आणि त्याने धरून ठेवलं. तोंड एका बाजूला वळवून, जे व्हायचं ते होऊ दिलं, बाहीने ओठ पुसले आणि बोट होती तशी सरळ नेली. कोळीण माझ्या कानात म्हणाली, "तुझा मालक हट्टी हाय गो." मी म्हणाले, "हो." मला अचानक त्याचं फार कौतुक वाटलं, म्हणून मी भज्यांच्या डब्यात डोकं घातलं.

महिनाअखेर सोसायटीचा फोन आला, घर तयार आहे. मित्र काठी टेकत बोट ताब्यात घ्यायला आला. त्याची बायकोही आली होती, पण ती जेट्टीवरच थांबली. तिने आजवर त्या बोटीवर पाय ठेवला नव्हता, आणि ठेवणारही नाही असं तिने मला आल्याआल्या सांगून टाकलं. नवरा मित्राला होडीत बसवून घेऊन गेला. पंप कसा लावायचा, दोर कुठला नवा घातला, हे सगळं त्याच्याच बोटीबद्दल त्यालाच सांगतानाचा त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

"कसे काढलेत हो दिवस?" तिने मला विचारलं.

मी वासापासून सुरुवात केली. मग पाण्याचे कॅन, मग कललेली बोट. पण सांगता सांगता मी पहाटेच्या धुक्यातून निघणाऱ्या होड्यांवर आले, आणि बसल्या जागी चहा करून पिण्यावर, आणि नवऱ्याशी इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं त्याच्यावर. माझं मलाच नवल वाटलं. ती ऐकत राहिली. मग बोटीकडे बघून म्हणाली, "ती होडी फार हलते का?"

"मध्ये बसायचं. माझा हात धरा."

मी नवऱ्याला हाक मारून होडी मागवून घेतली. तो वल्हवत आला, तिला बघून थोडा गोंधळला आणि मग टोपी सारखी करून म्हणाला, "वहिनी, चपला हातात घ्या." तिने चपला काढल्या, साडी जरा उचलून धरली आणि पहिला पाय होडीत टाकला.