लाइनीला बोल लावू नका

"मोजा," असं म्हणून त्या शनिवारी सर दर लॉगिनला स्वतःच बोटांच्या पेरांवर सेकंद मोजू लागायचे. अंगठा सरकत सरकत तिसावर आला, की नांदेडच्या शाखेत माझ्या टेबलावर लातूरचा सर्व्हर उघडायचा. त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. कोचिंग क्लासमध्ये शिपाई सोडला तर सगळेच सर असतात. हे मात्र शिकवत नसत, लातूरच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर सांभाळत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, काही बंद पडल्याशिवाय ज्याची कुणाला आठवण येत नाही.

मी नांदेडहून चाचण्यांचे मार्क लातूरच्या सर्व्हरवर भरायचे, दर बॅचला नवं लॉगिन करून. त्या वर्षी दिवाळीनंतर प्रत्येक लॉगिन रखडू लागलं. मार्क उशिरा लागायला लागले आणि पालकांचे फोन थेट संचालकांकडे गेले. नांदेडच्या मॅडम टंगळमंगळ करतात, असं संचालकांनी ठरवून टाकलं. सोमवारी लातूरला येऊन भेटा, म्हणाले. त्याचा अर्थ मला कळत होता. घरात कमावणारी मी एकटी.

लाइन खराब आहे, हे मी सगळ्यांना सांगत होते. शनिवारी सर एसटीने आले, तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं.

"लाइनीला बोल लावू नका, मॅडम," ते म्हणाले. "लाइन खराब असती तर कधी पाच सेकंद लागले असते, कधी पन्नास. रोज तीसच लागायलेत, म्हणजे हा सर्व्हर कुणाची तरी वाट बघायलाय."

दुपारपर्यंत त्यांना सापडलं. दार उघडण्याआधी सर्व्हर एका जुन्या मशिनला विचारायचा, कोण आलंय म्हणून. उत्तर येत नसे. तीस सेकंद वाट बघून तो नाइलाजाने उघडायचा. ते मशिन सरांनीच दिवाळीच्या सुट्टीत काढून टाकलं होतं, पण सर्व्हरमधून त्याचा पत्ता काढायला विसरले होते.

गुपचूप दुरुस्त करा, लाइन होती म्हणून सांगू, असं मीच सुचवलं. तेवढ्याने माझीही नोकरी वाचली असती.

त्यांचा चहा गार झाला होता. मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. भूकंपात गावातलं घर बसलं आणि सरांची धाकटी बहीण त्यात गेली. घर दगडमातीचं, वडिलांनी स्वतः रचलेलं. येणारा-जाणारा समजूत घालायचा, धरणीच हलली, तुमचा काय दोष. वडील एवढंच म्हणायचे, "भिंत मी रचली हुती." नवं घर त्यांनी पत्र्याचं बांधलं.

सोमवारी सर माझ्याआधी संचालकांच्या केबिनमध्ये उभे होते. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "मॅडमची न्हाई, लाइनीची बी न्हाई."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. बिघाड शोधून दुरुस्तही यांनीच केला, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. महिनाअखेरीला सरांना जायला सांगितलं.

पुढे ते चाकूरला दुकान टाकून बसले, असं कुणीतरी सांगितलं. मी कधी गेले नाही. लॉगिन आता अंगठा पेरावर ठेवेपर्यंत उघडतं. सरांचा विषय निघाला, की कामावरच्या नव्या मुली विचारतात, ते सर का गेले? बरीच वर्षं मी सांगायचे, संचालक फार कडक होते.

आता सांगते, मी गप्प बसले म्हणून गेले.