कंडक्टरकाकू चोरांना डबल देतात

कंडक्टरकाकूंच्या घशात देवाने भोंगा बसवला आणि आवाज कमी करायचं बटण द्यायला तो विसरला. उभी नोकरी बसमध्ये गेली. मागच्या दाराला कुणी लोंबकळत असला, तर काकू पुढच्या सीटजवळून नुसतं "आत हो!" म्हणायच्या. तो तर आत व्हायचाच, पण आधीपासून आत असलेली दोन-चार माणसंही दचकून आणखी आत सरकायची. घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची आणि दोनदा ओढली की सुटायची. त्या दोन टोल्यांना सगळे 'डबल' म्हणत. डबल मिळाली की ड्रायव्हर मागे वळून बघत नसे, कारण विचारत नसे, सरळ गिअर टाकत असे.

निवृत्तीनंतरही सवय जाते कुठे! काकूंचे यजमान तात्या, व्यवसायाने शिंपी, स्वभावाने गरीब गाय. काकू स्वयंपाकघरातून भांड्यावर पळीचा एक टोला हाणायच्या, की तात्यांनी शिलाई मशीन थांबवून जेवायला यायचं. दोन टोले पडले की जेवण आटोपून परत कामाला. "आधी कळलं असतं तर मी ड्रायव्हरच झालो असतो," तात्या म्हणायचे, "निदान गणवेश तरी मिळाला असता."

या जोडप्याची एकुलती एक लेक शहरात राहायची. लेकीचं लहानपण काकूंच्या ड्युटीने खाल्लं होतं. शाळेच्या संमेलनात ती झाड झाली होती तेव्हा काकू गाडीवर, तिला गोवर आला तेव्हा गाडीवर, पहिल्यांदा बक्षीस मिळालं तेव्हाही गाडीवरच. एकदा भांडणात लेक बोलून गेली होती, "आई, तू सगळ्या गावांना थांबा घेतेस, माझ्यापाशी तेवढा घेत नाहीस." काकूंनी त्यावर काहीतरी चढ्या आवाजात उत्तर दिलं, पण ते वाक्य त्यांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. आता लेकीला दिवस गेले होते आणि तिने एकच मागणं मागितलं होतं. "बाळंतपणाला ये. नुसती बघायला नको. आत यायचं, माझा हात धरून उभं राहायचं." काकूंनी शब्द दिला.

आणि नेमक्या त्याच सुमारास वस्तीवर चोऱ्या सुरू झाल्या.

वस्ती म्हणजे मोठ्या रस्त्यापासून आत, शेतांच्या मधोमध चार घरं, एक सामाईक अंगण आणि एक विहीर. दिवसा सगळे कामावर. आधी दूधवालीच्या कोंबड्या गेल्या, मग गॅरेजवाल्याची सायकल, आणि मग एके दुपारी खुद्द काकूंच्या स्वयंपाकघरातून गॅसची टाकी! रेग्युलेटर तेवढा नीट काढून ओट्यावर ठेवलेला, म्हणजे चोर वळणाचा होता. आणि तात्या? तात्या शेजारच्या खोलीत होते.

"मी घरातच होतो की!" तात्या म्हणाले.

"होतात, पण डोळा लागला होता ना!"

"मग? माणसाचा डोळा आहे, जेवल्यावर लागायचाच."

त्या दिवशी लेकीचा फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, "बघते गं बाळा, पण घर असं वाऱ्यावर टाकून कशी येऊ?" मग लेक म्हणाली, "बरं." एवढंच. ती भांडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं. फोन ठेवून त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "चला, न लागणारा डोळा आणू या!"

दुसऱ्याच दिवशी कॅमेरेवाला शिडी घेऊन हजर. चारी घरांना काकूंनी एका दमात पटवलं होतं. बसभर माणसांना एकमेकांच्या मांडीवर बसायला पटवणाऱ्या बाईला चार घरं म्हणजे काय! प्रत्येक घराच्या भिंतीवर एक कॅमेरा आणि चारी कॅमेऱ्यांचं चित्र काकूंच्या मोबाईलवर. दूधवालीची एकच तक्रार होती. "काकू, तो मेला लाल दिवा लुकलुकतो. सारखा डोळा मारल्यासारखं वाटतं." तात्या म्हणाले, "या वयात कुणीतरी मारतंय ना? मारू दे." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सुईत दोरा ओवायला लागले.

जाता जाता कॅमेरेवाला म्हणाला, "आणि हे बटण दाबून बोललात, की तिकडे कॅमेऱ्यातून तुमचा आवाज ऐकू येतो, आणि तिकडचा तुम्हाला."

हे त्याने सांगायला नको होतं.

काकूंच्या अंगात वारं शिरलं. पुढचे दिवस वस्तीने काय भोगलं ते वस्तीलाच ठाऊक. दूधवाली बादली घेऊन निघाली की भिंत गरजायची, "मागचं दार लावलंस का?" बादली अंगणात, दूध मांजराच्या पोटात. गॅरेजवाला आडोशाला विडी ओढायला गेला की वळचणीतून आवाज यायचा, "विझवा ती!" त्या माणसाने काकूंच्या धाकाने विडी सोडली, त्याची बायको अजून काकूंचे पाय धरायची बाकी आहे. पण एक खरं, की त्या दिवसापासून वस्तीवरची सुईसुद्धा हलली नाही. अनोळखी माणूस अंगणात डोकावला, की काकूंचं "कोण पाहिजे?" ऐकून आल्या पावली परत.

लेकीचे दिवस भरत आले. काकू पिशवी भरून निघाल्या. तात्यांना ताकीद दिली, "जेवल्यावर आडवं व्हायचं नाही." तात्या म्हणाले, "छे, छे!"

आणि आता हे चित्र बघा. इस्पितळाचा लांबलचक व्हरांडा, दुपारची वेळ. लेकीला आत नेलेलं. जावई येरझारा घालताहेत. नर्स सांगून गेली आहे, "वेळ झाली की तुम्हाला आत बोलावते." काकू स्टीलच्या बाकावर बसल्या आहेत, हातात स्टीलची पाण्याची बाटली. एवढ्यात मोबाईल वाजायला लागला. अंगणात हालचाल!

काकूंनी पाहिलं आणि डोळेच फिरले. अंगणात टेम्पो उभा, इंजिन चालू, टेम्पोवाला आत बसलेला. गॅरेजवाल्याच्या दारात विहिरीची मोटर दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली. साऱ्या वस्तीचं पाणी त्या मोटरीवर. एक किडकिडीत आणि एक जाड्या असे दोघे ती उचलायला वाकलेले.

"अरे, कॅमेरा आहे वर," किडकिडीत म्हणाला.

"कॅमेरे सगळेच लावतात रे. बघतो कोण?" जाड्या म्हणाला.

काकूंनी बटण दाबलं. "मी बघते!"

व्हरांड्यातल्या तीन बायका उभ्या राहिल्या. तिकडे जाड्याच्या हातून मोटर सुटली ती थेट किडकिडीताच्या पायावर. "खबरदार हात लावलास तर! कुणाची परवानगी घेतलीस? अहो तात्या! उठा! चोर आलेत!"

तात्या उठले. पण भिंतीतून बायकोचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, ही परत आली. ते आतूनच ओरडले, "आलीस? चहा टाकू?"

"चहा कसला टाकताय, कपाळ माझं! चोर! अंगणात!"

"हळू बोला, इस्पितळ आहे!" नर्स धावत आली. जावई म्हणाले, "आई, अहो आई..." पण काकू आता थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. दोघांनी धीर करून मोटर परत उचलली होती, टेम्पोकडे नेत होते. दणका द्यायचा, गाडी थांबवायची, एवढंच काकूंच्या डोक्यात. बटण दाबलेलंच ठेवून बाटली उचलली आणि बाकावर हाणली. टण! एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आयुष्यभराची मनगटाची सवय. हात पुन्हा पडलाच. टण!

डबल!

"अगं बाई," काकू जीभ चावून म्हणाल्या, "चोरांना डबल दिली की मी!"

टेम्पोवाला आरशाकडेही न बघता सुटला. कोणत्या गाड्यांत लहानाचा मोठा झाला होता कोण जाणे, पण दोन टोले कानावर पडले आणि त्याच्या पायाने काम केलं. मागचं फळकूट उघडं, टेम्पो रिकामा, आणि स्वारी धुरळा उडवत मोठ्या रस्त्याला! मोटर हातात धरून दोघे चोर अंगणात उभे, बस चुकलेल्या प्रवाशांसारखे. "अरे थांब! आम्ही राहिलो!" जाड्या किंचाळला. मग मोटर तिथेच टाकून दोघेही टेम्पोमागे पळत सुटले, एक लंगडत. तात्या इस्त्री हातात घेऊन शूरवीरासारखे बाहेर आले तेव्हा अंगणात मोटरीशिवाय कुणीही नव्हतं.

व्हरांड्यात एकच हशा पिकला. तीन बायका टाळ्या वाजवत होत्या. मोबाईल खणखणायला लागला. तात्यांनी बातमी फोडली होती; दूधवाली, गॅरेजवाला, सगळ्यांना काकूंशीच बोलायचं होतं. काकूंचा चेहरा आनंदाने फुलला होता. असा दिवस नोकरीतसुद्धा आला नव्हता!

"पेशंटची आई कोण?" दारातून नर्सने विचारलं. "बोलावतेय ती तुम्हाला."

मोबाईल हातात वाजतच होता. काकूंनी तो जावयांच्या तळहातावर ठेवला. "घ्या. बघा काय करायचं ते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

लेक घामाने भिजलेली. आईला बघताच तिचा बांध फुटला. "झाडाचं काम केलं तेव्हा आली नाहीस! गोवर आला तेव्हा नाहीस! बक्षिसाला नाहीस!" प्रत्येक कळेबरोबर एक. काकू म्हणत होत्या, "बोल, राणी, सगळं बोल. खरं आहे तुझं." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आणि आता आलीस," लेक दात ओठ खात म्हणाली, "तर दाराबाहेर उभी राहून चोरांशी भांडतेस!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खुदकन हसू फुटलं. नर्ससुद्धा हसायला लागली. लेकीला हसता हसता कळ आली, मोठी, शेवटची, आणि त्या हसण्यातच बाळाचा पहिला ट्यँहा घुमला.

मुलगी झाली होती. नर्सने बाळ पुसून, गुंडाळून पुढे केलं, "घ्या, धरा." लेकीने घ्यायला एकच हात पुढे केला. दुसऱ्या हातात आईचा हात होता, तो काही तिने सोडला नाही.