सिंधूताईंची बाटली

सिंधूताई यंत्राच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नसत. चिमूटभर मणी पाण्याच्या बाटलीत टाकायच्या, बाटली जोरात हलवायच्या आणि खिडकीपाशी धरून पाहायच्या. पाणी गढूळ झालं की, "कच्चा शे, भाऊ."

कामरेजजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात पॉलिमरचे मोहरीएवढे मणी बनत. हाडात पोकळी राहिली की डॉक्टर ती या मण्यांनी भरतात. हाड त्यांना धरून वाढावं म्हणून वर कॅल्शियमचा पातळ थर द्यायचा. तो सुटला तर सगळंच फुकट. मी तिथला क्वालिटी इंजिनिअर. शिरपूरकडच्या सिंधूताई माझ्या हाताखाली माल तपासत. आधीची वीस वर्षं त्यांनी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग पक्का की कच्चा हे पाहण्यात घालवली होती. मीही खानदेशचाच, म्हणून माझ्याशी अहिराणीतच बोलत.

एका लॉटला त्यांनी रजिस्टरात फुली मारली. बाटलीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. मी म्हणालो, "ताई, थराची जाडी बरोबर आहे. माल आजच जायचाय."

"जाडीनं काय व्हस? हाई कोनातरी हाडमा जाई, भाऊ."

मी फुलीचं पान फाडलं, नवीन पानावर 'पास' लिहिलं आणि सही केली.

आठवड्याभरात बाहेरच्या प्रयोगशाळेने लॉट परत पाठवला. थर सुटत होता. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तपासलं कोणी?"

मी म्हणालो, "तपासणी सिंधूताईंकडे असते."

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "माले दिसनं ते मी सांगं व्हतं," एवढंच बोलल्या. कोणाला, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून कळवलं गेलं.

महिन्याभराने मी भेस्तानला त्यांच्या खोलीवर गेलो. त्या साडीवर टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी आधी विचारलं, "तो माल कोना हाडमा गया नही ना?"

"नाही, ताई. सगळा परत आला."

"मंग बरं व्हयनं."

"पान मी फाडलं होतं," मी म्हणालो.

"माले माहीत शे." साडीवरची नजर त्यांनी उचलली नाही. "मालकले सांगी दे."

"सांगतो," मी म्हणालो.

त्याला आता तीन वर्षं झाली.