नाव घेणाऱ्याचा पहिला हात

माझा हात लवकर उठतो. लहानपणी भावंडांवर उठायचा, शाळेत मैत्रिणींवर उठायचा, आणि मग आईच्या हातचा मार मी खायचे. त्यामुळे एकविसाव्या वर्षी मी सेवेचं व्रत घेऊन कर्जतच्या वरच्या डोंगरात राहायला निघाले, तेव्हा घरच्यांना सुटल्यासारखंच झालं असणार. पुण्याहून कर्जत काही लांब नाही. पण आमच्या आळीत मी विलायतेला निघाल्यासारखी सगळी जमली, कुणी लाडू बांधून दिले, कुणी रडलं. पायथ्याच्या कडाव गावापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढं ट्रंक डोक्यावर घेऊन तीन तास चढले, आणि वर पोचल्यावर कळलं की खरंच परमुलखात आलेय. बायका बोलत होत्या ते मराठीच होतं, पण मला निम्मंही कळत नव्हतं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, क्विनीनच्या गोळ्या मी सोन्यासारख्या जपायचे. सकाळी आंब्याखाली पोरांना अक्षरं शिकवायची, मग घरोघरी जाऊन खरजा धुवायच्या, तापकऱ्यांना गोळी द्यायची. माझी राहायची सोय वाडीतल्या सुईणीकडे होती. साठीची, एकटी, काटक बाई. तोंड माझ्याहून तिखट. मी भाकरी थापायला बसले की म्हणायची, "भाकर हाय का चंद्राचा तुकडा गं? कोर खाऊन ठेवलीस आधीच." वाडीतलं एकूण एक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात मी जंगलखात्याच्या शिपायाला थोबाडीत मारली. तो यायचा, कोंबडी उचलायचा, आणि कुणाच्या डोक्यावर लाकडाची मोळी दिसली की कमरेचा पट्टा काढायचा. त्या दिवशी त्यानं एका बाळंतिणीच्या कमरेत लाथ घातली, आणि माझा हात उठला. तो गाल चोळत खाली उतरला. मी दिवसभर फुशारकीत होते. आठ दिवसांनी तो तिघांना घेऊन आला आणि त्यांनी वाडीतल्या चार गड्यांना खांबाला बांधून सोलून काढलं. मला बोटही लावलं नाही. त्यांच्या पाठीला हळद लावताना सुईण मला म्हणाली, "मारलंस तू, खाल्लं आमी. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं नाही.

भाद्रपदात पोरं जायला लागली. जन्मल्यावर सातव्या-आठव्या दिवशी अंग ताठ व्हायचं, तोंड मिटायचं, दूध ओढता यायचं नाही. एका महिन्यात तीन गेली. वाडीनं भगताला बोलावलं. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ पाहिले आणि सांगितलं, "वाडीतलीच हाय." एवढंच. करणी करणारीचं नाव भगतानं घ्यायचं नाही अशी तिथली रीत. ती रीत मला सुईणीनंच चुलीपुढं बसून सांगितली होती. नाव वाडीतल्या कुणीतरी चारचौघांत, तोंडानं घ्यायचं. जो नाव घेईल त्यानं पहिला फटका मारायचा, मग वाडीनं. आणि नाव मागं घेतलं, तर तिला बसले असतील तितके फटके नाव घेणाऱ्यानं खायचे. "म्हून कोन घेत नाय," ती म्हणाली. "चार दीस रागावत्यात, मंग पेरनी येती, कापनी येती, इसरत्यात." मी हसले होते. अडाणीपणा म्हणाले होते.

मला त्या पोरांचं कारण कळलं होतं. कुडाला खोचलेला गंजका विळा काढून सुईण नाळ कापायची आणि वर गोठ्यातली राख दाबायची. धनुर्वात. मी तिला दहादा सांगितलं होतं की विळा उकळ, राख लावू नकोस. ती म्हणायची, "ह्याच इळ्यानं तुझ्या आंब्याखालच्या समद्या पोरांची नाळ कापली." तिसरं पोर गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी झऱ्यावर वीसेक बायका पाण्याला होत्या. त्यांच्यासमोर तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तुझ्या हातानं मरतात ती पोरं. तूच मारतेस त्यांना."

झऱ्यावर सगळं थांबलं. सुईणीनं भरलेला हंडा हळूच खाली ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय बोललीस गं, पोरी." एका बाईनं हंडा तिथंच टाकला आणि ती वाडीकडे पळत सुटली. आपण नाव घेतलं हे मला कळायला तेवढं पुरेसं होतं.

आम्ही घरी पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. पुढं वाडीचा म्हातारा कारभारी, त्याच्या बाजूला कालच पोर पुरून आलेला बाप, त्याच्यामागं त्याची बायको, तिच्या चोळीवर दूध ओलं. कारभाऱ्यानं ऐनाच्या लाकडाचा सोटा माझ्या हातात दिला. "बाय, तुमी नाव घेतलंत. पयला हात तुमचा."

मी सोटा खाली टाकला आणि भाषण सुरू केलं. जंतू असतात म्हणाले. डोळ्यांना दिसत नाहीत, गंजावर बसतात, शेणामातीत असतात, तिथून पोराच्या अंगात शिरतात. तो बाप नीट ऐकत होता. त्यानं विचारलं, "म्हंजे हिच्या हातातून दिसत नाय असं कायतरी पोराच्या अंगात जातं?"

"हो," मी म्हणाले.

काय बोलले ते मला तोंडातून गेल्यावर समजलं. माझ्या जागी त्यानं सोटा उचलला. पहिला फटका सुईणीनं उजव्या हातावर झेलला, आणि मनगटाचं हाड मोडलं ते मी ऐकलं. वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज. दुसरा खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यावर आली. मला काय करायचं ते माहीत होतं. तीन शब्द म्हणायचे होते. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते आज लपवून काय करू? मी खरं बोलले होते. विळ्यानंच मेली होती पोरं. खरं मागं कसं घ्यायचं? हे निम्मं. उरलेलं निम्मं असं की तो सोटा मी हातात धरून पाहिला होता, आणि त्याचं वजन मला कळलं होतं. तिसरा पाठीत बसला. चौथ्याला ती मातीत तोंडावर पडली, आणि दात फुटून रक्त आलं.

मग मी म्हणाले, "नाव मागं घेते."

सोटा हवेतच थांबला. कारभाऱ्यानं विचारलं, "किती झाले?" कुणीतरी म्हणालं, चार. माझ्या अंगावर गड्यानं हात टाकायचा नव्हता, म्हणून सोटा त्या पोराच्या आईकडे गेला. वीसेक वर्षांची, माझ्याच वयाची पोरगी. तिनं दोन्ही हातांनी सोटा धरला. पहिला फटका कानाखाली बसला, तेव्हापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दुसऱ्यानं मी खाली पडले. तिसरा आणि चौथा मारताना ती हुंदके देत होती, पण हात तिनं जराही सैल सोडला नाही, आणि त्याबद्दल मला तिचा कधी राग आला नाही. चौथ्यानंतर सोटा टाकून ती माझ्या शेजारीच मातीत बसली. माणसं पांगली. रीत पुरी झाली होती. संध्याकाळी त्याच घरांतून आम्हा दोघींसाठी पेज आली.

सुईणीचं मनगट वाकडंच जुळलं. बोटं मिटत नव्हती. पुढल्या महिन्यात खालच्या घरातली सून अडली तेव्हा तिनं मला उठवलं. "चल. डोळे माझे, हात तुझे." ती सांगत गेली, मी करत गेले. तोपर्यंत जे हात फक्त मारायला उठायचे, त्यांत ओलं, निळसर, गरम पोर आलं. मी विळा उकळून घेतला होता. राख लावली नाही. ती सगळं पाहत होती.

दहाव्या दिवशीही पोर दूध पीत होतं. त्या दुपारी मी तिचं मनगट कढत पाण्यानं शेकत होते.

"म्हंजे तुझं खरं व्हतं," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"खरं व्हतं तर मागं कशाला घेतलंस?"

"तुला मारून टाकलं असतं त्यांनी."

तिनं ते ऐकून घेतलं. मग तिची न मिटणारी बोटं माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "मंग चार बसस्तवर का थांबलीस गं?"

पाणी निवलं होतं. मी ते ओतून दिलं आणि दुसरं तापत ठेवलं.