पुणे ते नागपूर, एक तास वीस मिनिटं

सकाळी नऊ वाजता, नागपूरच्या घरात, बाबा वारले. मी पुण्यात होते, मांजरी भागातल्या भाड्याच्या खोलीत. आईचा फोन ठेवला आणि रडायच्या आधी दोन शहरांतलं हवाई अंतर शोधलं. सहाशेहून जास्त किलोमीटर, एक तास वीस मिनिटं. विमान बाराचं. म्हणजे दोनच्या आत घरी.

घाई अंत्यदर्शनाची नव्हती. बाबांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तीन वाजेपर्यंत.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा लिहायचे, मी घड्या घालायचे. पुण्यात आल्यावर नेत्रदानाचं पत्रक मी मंडईत उभी राहून वाटलं. एका आजोबांनी ते उलटसुलट वाचून विचारलं, "चष्म्यासकट घेता का?" त्यांनाही मी दहा मिनिटं सुनावलं. लोकांना समजावायचं काम आपलंच, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, अशी माझी खात्री होती.

सकाळच्या फोनवर आई म्हणाली होती, "तुझे काका नाही म्हणून राहिले. डोळे काढलेले बघवणार नाही म्हणतात. नेत्रपेढीला मी फोन लावू का?"

"तू नको लावू. काका त्यांना दारातूनच परत पाठवतील. मी येऊन बोलते."

"बरं."

मुंढव्याच्या सिग्नलला रिक्षा तीनदा अडकली, तरी मी अकराला विमानतळावर होते. फलकावर विमान वीस मिनिटं उशिरा दिसत होतं. मग आणखी वीस. ज्या विमानानं जायचं तेच अजून आलं नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फ्लाइट टाइम एक तास वीसच आहे." जणू मला तेवढंच हवं होतं. दर वीस मिनिटांनी मी नव्यानं बेरीज केली आणि दर वेळी उत्तर तीनच्या आत बसवलं.

साडेबाराला आईचा फोन आला. "अगं, तुझे काका आता..."

"आई, बसतेच आहे विमानात. मी आल्यावर बघू," म्हणून मी तिचं बोलणं तोडलं.

विमान उडालं दीडला. फोन बंद. खाली ढग होते, आणि मी काकांसाठी मुद्दे जुळवत होते.

साडेतीनला दारात पोचले. खोली तापलेली, पंखा बंद. बाबांच्या डोक्याखाली दोन उशा, आणि आई त्यांच्या मिटल्या डोळ्यांवरचा ओला कापूस बदलत होती. पंख्यापासून कापसापर्यंत सगळं, पत्रकात लिहिलं होतं अगदी तसं. सकाळपासून ती तेच करत होती.

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "मला काही सांगू नको बाई. वहिनींनी दहा वाजताच समजावलं. मी म्हटलं, लावा फोन. तर त्या म्हणे, पोरगी येऊन राहिली, तिनं थांबायला सांगितलं."

मी नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडच्या माणसानं मृत्यूची वेळ विचारली. अकरा सांगावी असं जिभेवर आलं. नऊ सांगितली.

"उशीर झाला हो ताई," तो म्हणाला. "सकाळी कुणीही कळवलं असतं तरी चाललं असतं."

आई माझ्याकडेच बघत होती. मला सांगावं लागलं नाही. तिनं कापूस वाटीत ठेवला.

"मग पंखा लावू का?" तिनं विचारलं.